एम३४०आय : डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समधील ऑइलची पातळी कशी तपासावी?

वर्धा_रोड
माझ्याकडे २०२१ सालची बीएमडब्ल्यू एम३४०आय आहे. गेल्या महिन्यात नागपुरातील एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचे ऑइल बदलून घेतले. तेव्हापासून सकाळी गाडी थंड असताना ‘डी’ टाकला, की क्षणभर काहीच घडत नाही आणि मग झटका बसून गाडी पुढे सरकते. जेवढे ऑइल निघाले तेवढेच मोजून भरले आहे, असे गॅरेजवाले सांगतात. गाडीला डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) नाही. मग पातळीची खात्री कशी करावी?

पिंपरी_वर्कशॉप
निघाले तेवढे भरणे हा केवळ अंदाज आहे. पॅन (गिअरबॉक्सखालची ऑइलची ताटली) उतरवताना बाहेर सांडलेले ऑइल कोणी मोजत नाही, आणि आधीची पातळी बरोबर होती हे तरी कशावरून? आपल्या गाडीत झेडएफ या जर्मन कंपनीचा ८एचपी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्यात फिलर प्लगच्या (ऑइल भरण्याच्या बुचाच्या) भोकाची खालची कड हीच पातळीची खूण असते. मात्र गाडी चारही बाजूंनी समतल उचललेली, इंजिन चालू आणि ऑइलचे तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असेल, तरच ती खूण खरी मानावी. इंजिन बंद असताना टॉर्क कन्व्हर्टरमधील (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातील) काही ऑइल पॅनमध्ये उतरते आणि पातळी खोटी वाढलेली दिसते.

भोकातून ऑइल बाहेर येईपर्यंत भरावे, इंजिन सुरू करून पुन्हा भरावे, ब्रेकवर पाय ठेवून ‘आर’ आणि ‘डी’ काही सेकंद धरून फिरवावेत आणि तापमान गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर पाहत राहावे. चाळीसच्या आसपास जाड धार बारीक होत सुतासारखी झाली, की प्लग लावून टाकावा. गाडी चारही चाकांवर ओढणारी असल्यामुळे लिफ्टवर ब्रेक सोडणे धोक्याचे आहे, हे आत बसणाऱ्याला आधीच बजावावे.

थंड ऑइलचे आकारमान कमी असते, त्यामुळे किंचित कमतरता असली तरी ती सकाळीच जाणवते. आपले लक्षण त्याच दिशेने बोट दाखवते. अॅडाप्टेशन रीसेट करण्याचा, म्हणजे गिअर बदलण्याबाबत गिअरबॉक्सच्या संगणकाने शिकून ठेवलेली मूल्ये पुसण्याचा, सल्ला कोणी देईल. पण पातळी तपासल्याखेरीज तो मानू नये, कारण गिअरबॉक्सचा ऑइल पंप हवा ओढत असेल तर क्लच घसरून जळू लागतात.

विदर्भ_ऑटो
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त आपल्याकडच्या उन्हाळ्याचा मुद्दा जोडतो. मे महिन्यात गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेली, तर ऑइल पन्नासच्या कितीतरी वर गेलेले असते आणि पत्र्याच्या शेडखाली ते दुपारभर उतरत नाही. तशा गरम, फुगलेल्या ऑइलवर पातळी लावली, तर जास्तीचे वाहून जाते आणि निवल्यावर गिअरबॉक्स कमी भरलेला राहतो. माझ्या मते आपल्या बाबतीत हेच घडले असावे. उलट फार थंड असताना कडेपर्यंत भरले, तर तापल्यावर ते जास्त होते, फिरत्या भागांनी घुसळले जाऊन फेस धरते आणि परिणाम पुन्हा तोच. म्हणून गाडी रात्री गॅरेजमध्येच ठेवावी आणि काम पहाटे करून घ्यावे.

वर्धा_रोड
आभारी आहे. त्यांच्याकडे तापमान पाहिले होते का, असे विचारले असता ‘हात लावून पाहिले’ असे उत्तर मिळाले. मग जोरात गाडी चालवणे तूर्त थांबवावे का?

पिंपरी_वर्कशॉप
अवश्य थांबवावे. वळणावर किंवा जोरदार ब्रेकिंगमध्ये ऑइल पॅनच्या एका बाजूला सरकते आणि पातळी कमी असेल तर पंपाचे तोंड उघडे पडू शकते. जमल्यास गाडी ओढत न नेता फ्लॅटबेड ट्रकवर चढवून न्यावी. तिथे आधी फिलर प्लग सुटतो का ते पाहावे, ड्रेन प्लगला (ऑइल काढण्याच्या बुचाला) हात नंतर. भरण्यासाठी झेडएफचे लाइफगार्ड ८ हेच ऑइल घ्यावे आणि प्लग नवाच बसवावा.