सर्वांसाठीच्या आरोग्य विम्याची वर्गणी सक्तीची असावी का?

प्रश्न: जो वर्षानुवर्षे दवाखान्याची पायरी चढत नाही, त्याच्याकडूनही सार्वत्रिक आरोग्य विम्याचा हप्ता कायद्याने वसूल करणे न्याय्य आहे का?

उत्तर १: माझ्या मते आहे. सहभाग ऐच्छिक ठेवला की धडधाकट माणसे बाहेर राहतात, निधीवर मुख्यतः आजारी माणसांचा भार पडतो, परिणामी हप्ता वाढतो आणि तो पाहून उरलेसुरले निरोगीही काढता पाय घेतात. जर्मनीने १८८३ मध्येच कामगारांसाठी आजारविमा सक्तीचा केला. त्यात एक तृतीयांश वर्गणी मालकाने आणि उरलेली कामगाराने भरायची होती.

उत्तर २: सक्ती मान्य, पण सर्वांना सारखा हप्ता नको. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून विमा बंधनकारक आहे, मात्र हप्ता उत्पन्नानुसार ठरत नसल्याने अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना सरकारी अनुदान द्यावे लागते. त्यापेक्षा ब्रिटनप्रमाणे बहुतांश खर्च करातून भागवणे मला सरळ वाटते (कर कोणालाच आवडत नाही, हा भाग वेगळा).

उत्तर ३: रोजंदारीवर जगणाऱ्याकडून, ज्याची मिळकतच बेभरवशाची आहे, हप्ता वसूल कसा करणार? आणि हप्ता थकल्यास उपचार नाकारणार का? सक्तीचा कायदा करण्यापूर्वी याचे उत्तर त्यातच लिहिलेले असावे.