मदत हवी: गंजून जाम झालेलं मागचं चाक आणि ब्रेक ड्रम कसे काढायचे?

मंडळी, बरीच वर्षं एका जागी उभी असलेली गाडी पुन्हा चालती करायची आहे. इंजिन हाताने फिरतंय, तिकडची काळजी नाही. घोडं पेंड खातंय मागच्या चाकांपाशी, कारण गाडी हँडब्रेक ओढूनच उभी होती.

डाव्या चाकाचे नट निघाले, पण रिम हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) वेल्डिंग केल्यासारखी चिकटलीय. मधल्या भोकाभोवती गंजाचं तपकिरी कडं आहे. नखाने खरवडलं की पापुद्रे निघतात, आत मात्र दगड. गंज सोडवणारं तेल रोज सोडतोय, आतून रबरी हातोड्याने ठोकलंय. ढिम्म. उजवं चाक निघालं, पण त्याचा ड्रम जेमतेम दोन सूत बाहेर येतो आणि अडतो.

गॅसची ज्योत दाखवावी का? ड्रम बिडाचा, घण घातला तर तडकेल अशी धास्ती आहे. शिवाय ब्लीडिंग निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायच्या तोट्या) इतके गंजलेत की पाना लावायचीच भीती वाटते.

प्रतिसाद:
ज्योत अजिबात नको. टायर बसवलेली रिम तापवली तर टायर फुटून जीव जाऊ शकतो. डाव्या चाकाचे नट परत बसवा, हाताने आवळा आणि प्रत्येक नट एक-दीड फेरा सैल सोडा. गाडी जमिनीवर उतरवून आडवी हेंदकाळा, पुढे-मागे ढकला. गाडीचं वजनच गंज तोडतं. नाहीच सुटलं तर गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या (नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही!) आणि आतून लाकडी ठोकळा धरून एकदा वर, एकदा खाली असे ठोके द्या. नट तेव्हाही आट्यांवर राहू द्या. तेल फक्त हबच्या कड्यावर. लायनरला (ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तराला) लागलं तर ते गेलंच समजा.

उजवा ड्रम दोन सूत सरकतो म्हणजे हबवरून तो सुटलाय. लायनरने झिजून ड्रमच्या काठाला जी कड उरते, तिला आत शू (लायनर लावलेल्या ब्रेकच्या कमानी) अडताहेत. हँडब्रेकची केबल सैल करा, मागच्या प्लेटवरचं रबरी बूच काढा आणि पेचकसाने अ‍ॅडजस्टरचं (शू ड्रमच्या जवळ-लांब करणाऱ्या भागाचं) दातेरी चाक मागे फिरवा, म्हणजे शू आत येतील. अ‍ॅडजस्टर आपोआप जुळणारा असेल तर आधी त्याची पट्टी दुसऱ्या पेचकसाने दूर धरावी लागते, नाहीतर ते उलटं फिरतच नाही.

निपल तुटला तर तुटू दे. तो ज्यावर बसतो ते व्हील सिलिंडर (शू ढकलणारे ब्रेक ऑइलचे सिलिंडर) इतकी वर्षं उभ्या गाडीत मी तरी तसेच ठेवणार नाही. बारा कोनी पाना मात्र लावू नका, सहा कोनी घ्या. खरी डोकेदुखी ब्रेक पाइपच्या नटची: तो पाइपला चिकटलेला असेल तर नटाबरोबर पाइपही पिळतो.

धागाकर्ता:
उजवीकडे पट्टी दूर धरली, तरी दातेरी चाक हलत नाही. दात झिजायला लागलेत. आता?

प्रतिसाद:
मग त्याचा नाद सोडा. मागच्या प्लेटवर शू धरून ठेवणाऱ्या पिनांची डोकी दिसतील, ती कापा किंवा घासून काढा. शू मोकळे झाले की ड्रमबरोबर ओढून निघतात. पिना आणि स्प्रिंगा नव्या घालाव्या लागतील. डावा ड्रम हबलाच चिकटलेला निघाला तर त्याच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं आहेत का बघा. त्यात बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपा.