मुंबई ते नेवार्क: अंतर एकच, मग जाताना 16 तास आणि येताना सव्वाचौदा कसे?

बाबांची_लेक
आईबाबा मे महिन्यात पहिल्यांदाच माझ्याकडे न्यूजर्सीला येतायत, मुंबईहून इथल्या नेवार्क विमानतळावर डायरेक्ट फ्लाइट आहे. बाबा गणिताचे रिटायर्ड सर, त्यामुळे तिकीट मिळाल्यापासून वही-पेन घेऊन बसलेत. नेटवर अंतर साधारण साडेबारा हजार किमी दाखवतं, ताशी 900 धरले तरी 14 तास, मग तिकिटावर 16 का? आणि मुंबईला परतताना सव्वाचौदाच. त्यात रात्री 1:30 ला निघून त्याच तारखेला सकाळी 8 ला उतरणार, ऑक्टोबरात परत जाताना सकाळी 11:30 ला निघून दुसऱ्या दिवशी 11:15 ला मुंबईत, म्हणजे घड्याळाने एकदा साडेसहा तास आणि एकदा पावणेचोवीस! रोज फोनवर हाच विषय, कोणीतरी सुटका करा.

खिडकीची_सीट
घड्याळाचं सोपंय. उन्हाळ्यात न्यूजर्सी आपल्या साडेनऊ तास मागे. 1:30 मध्ये 16 मिळवले की आपले संध्याकाळचे 5:30, त्यातून साडेनऊ वजा केले की सकाळचे 8. येताना तेच साडेनऊ मिळवायचे. फक्त तिकीट पुढे ढकललंत तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग फरक साडेदहाचा.

नकाशावेडा
खरा खेळ वाऱ्याचा आहे. 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो आणि परतताना पाठीमागून ढकलतो, हिवाळ्यात तर अजूनच जोर. शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा, त्यात रनवेकडे रांगत जाणंही आलं.
आणि ते साडेबारा हजार म्हणजे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. बाबांना ताणून बघायला सांगा, भिंतीवरच्या नकाशात वाटतं तसं आफ्रिकेवरून नाही जात, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे करत आइसलंडवरून जातं. पण विमान काही दोऱ्यावरून जात नाही, वारा बघून आणि कोणाचं आकाश बंद आहे ते बघून रस्ता ठरतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आकाश बंद केलं तेव्हा दिल्लीच्या फ्लाइट्सना जास्त फटका बसला, मुंबईवाल्यांना त्यामानाने कमी कारण इथून समुद्रावरून निघता येतं.

ठाण्याची_आजी
गणित राहू दे गं, गोळ्या हँडबॅगेत ठेवायला सांग, प्रिस्क्रिप्शनसकट. आणि व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेव, चालता येत असलं तरी, इमिग्रेशनच्या रांगेत पाय भरून येतात. मी पहिल्या वेळी लाजले आणि दोन तास उभी होते.

बाबांची_लेक
आजी, व्हीलचेअर आजच टाकते. बाबांनी शेजारच्या मुलाचा पृथ्वीगोल आणलाय, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, खरंच आइसलंडवरून जातोय. आता विचारतायत की ते खिडकीतून कुठल्या बाजूला दिसेल, म्हणजे तशी सीट घेता येईल 🤦‍♀️

नकाशावेडा
अहो दोऱ्यावरून जाणार नाहीये विमान, सांगा त्यांना!