आई-बाबा मिशनवर, बाहेर उणे तीस, रविवारी सामान जातंय – काय पाठवू? लवकर सांगा

शरणपूरची_लेक
नमस्कार मंडळी, पटकन मदत हवीये. आई-बाबा (दोघंही पासष्टीच्या पुढे) चर्चच्या मिशनवर गेलेत दीड वर्षासाठी, स्वखर्चाने. बाबा तिथे इंग्रजी बोलायचे वर्ग घेतात, आई बायकांना शिवण शिकवते. काल व्हिडिओ कॉलवर आईच्या रुमालाला रक्त दिसलं, विचारलं तर म्हणे रोज सकाळी नाकातून येतं, खोली इतकी तापते की रात्री पांघरूण नको होतं. आणि बाबा उपासनेला जाताना बर्फावर घसरले, कंबर धरलीये. मंडळीतले एक काका रविवारी मुंबईहून निघतायत, पाच किलो न्यायला तयार आहेत. काय काय देऊ? आपल्या नाशिकच्या कॉलेज रोड किंवा मेनरोडला मिळेल असंच सांगा, ऑनलाइन मागवायला वेळ नाहीये.

गोदाकाठचा_मन्या
कुठल्या देशात आहेत ते लिहिलंच नाही ताई.

बर्फवाले_काका
आम्ही दोघं मुलाकडे विनिपेगला दोन हिवाळे राहून आलोय, अनुभवाने सांगतो. मेरिनो लोकरीचे थर्मल, दोन जोड प्रत्येकी, बाकी काही लागत नाही. आणि खोली गरम होते म्हणजे थर्मोस्टॅट वाढवून ठेवलाय त्यांनी, तो वीसवर आणायला सांगा, नाकाचा प्रॉब्लेम लगेच थांबेल.

शरणपूरची_लेक
काका थर्मोस्टॅट नाहीये तिथे. भिंतीला जुने लोखंडी रेडिएटर आहेत, त्याला चावीच नाही. उलानबाटारला आहेत ते, मंगोलियात.

निफाडकर_पाटील
आमच्याकडे पण या आठवड्यात पारा पाच-सहाच्या खाली चाललाय, पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतोय, मण्याला तडे जायची भीती. वयस्कर माणसांनी सकाळी बाहेर पडूच नये बघा. एक गोधडी पाठवा, घरची, जुन्या लुगड्यांची. ब्लँकेटला तिची सर नाही.

मेधा_इंदिरानगर
पाटील, त्यांना पांघरूणच नको होतंय असं वर लिहिलंय. ताई, आईंच्या नाकात रात्री देशी गाईचं तूप दोन-दोन थेंब घालायला सांगा, माझ्या सासूबाईंचं घोळणा फुटणं त्यानेच बंद झालं. शिवाय ओव्याची पुरचुंडी शेकायला.

स्पष्टवक्ता_७७
राग मानू नका पण या वयात आईवडिलांना तिकडे जाऊच का दिलं? सेवाच करायची तर इथे पेठ-सुरगाण्यात कमी गरज आहे का? परत बोलवा, प्रश्न संपला.

शरणपूरची_लेक
त्यांना कोणी पाठवलेलं नाही. बाबा रिटायर झाले तेव्हापासून दोघांची इच्छा होती, पैसे साठवून गेलेत. पेठच्या पाड्यांवर त्यांनी आयुष्यभर काम केलंय. ते हिवाळा काढणार आहेत आणि मला तो नीट निघायला हवाय. कृपया तेवढ्यावर बोला.

डॉक्टर_देवळाली
दोन गोष्टी कळल्याशिवाय सल्ला देता येणार नाही. आईंना बीपी आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का? आणि बाबा पडले तेव्हा डोकं आपटलं का?

शरणपूरची_लेक
आईला स्टेंट आहे, एकोस्प्रिन चालू आहे. बीपीची पण एक गोळी. बाबांचं डोकं नाही आपटलं, कमरेवरच बसले.

डॉक्टर_देवळाली
हे आधी सांगायला हवं होतं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, स्टेंट आहे. पण रोज रक्त येतंय तर तिथल्या डॉक्टरला दाखवायलाच हवं आणि बीपी रोज मोजायचं, मशीन नसेल तर पार्सलमध्ये पहिलं तेच टाका. रक्त आलं की मान मागे टाकू नये, पुढे वाकून बसायचं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता चिमटीत धरायचा, तोंडाने श्वास. तेवढ्याने थांबलं नाही तर हॉस्पिटल. मिठाच्या पाण्याचा सलाईन स्प्रे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो, दिवसातून चार-पाच वेळा. तुपाबद्दल, नाकपुडीच्या आत कडेला बोटाने पुसट लावलं तर चालेल, थेंब सोडू नका. कंबर दोन-तीन दिवसांत सुधारली नाही किंवा पायात मुंग्या आल्या तर एक्सरे.

मेधा_इंदिरानगर
थेंब सोडायला आयुर्वेदात नस्य म्हणतात डॉक्टर, हजारो वर्षं चालत आलंय.

डॉक्टर_देवळाली
ते वैद्यासमोर करायचं असतं. इथे पेशंट परदेशात, वय पासष्टच्या वर, एकोस्प्रिनवर.

खाणीवरचा_सतीश
मी कामासाठी उलानबाटारला काही हिवाळे काढलेत, सविस्तर लिहितो. आधी खोलीबद्दल. तिथे शहराला गरम पाणी औष्णिक वीज केंद्रांतून पाइपने येतं, १५ सप्टेंबरला सुरू होतं ते १५ मेपर्यंत, जुन्या इमारतीत आपल्या हातात काही नसतं, म्हणून बाहेर उणे तीस आणि आत माणूस गंजीवर बसलेला. बाहेरची हवा मुळातच कोरडीठाक, ती आत येऊन तापली की नाकातलं कातडं फाटतं. रात्री दोन ओले टॉवेल रेडिएटरवर टाकायचे आणि एक ह्युमिडिफायर तिथेच घ्यायचा, सगळीकडे मिळतो, इथून वजन नेऊ नका. खिडकी उघडली की बरं वाटतं पण धूर येतो. शहर तूल नदीच्या खोऱ्यात आहे, चारी बाजूंनी डोंगर, भोवतीच्या गेर (लोकरी तंबूंच्या) वस्त्यांमध्ये चुलीत कोळसा जळतो आणि थंड हवा वर न जाता तशीच तळाशी बसते. २०१९ मध्ये कच्च्या कोळशावर बंदी आणून प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या विटा दिल्या, तरी संध्याकाळी आणि पहाटे हवा वाईटच. खिडकी दुपारीच उघडायची, तीही दहा मिनिटं. एन ९५ मास्क मात्र इथून भरपूर द्या, हलके असतात, दोघांनी बाहेर पडताना लावायचेच.

आता बाबांचं. बुटाला अडकवायचे रबरी पट्ट्यांवरचे खिळे मिळतात, तेही तिथेच घ्या, पण एक लक्षात ठेवायला सांगा, दुकानात किंवा चर्चच्या गुळगुळीत फरशीवर ते काढायचे, नाहीतर आत पडतील. पावलं लहान टाकायची, बदकासारखं चालायचं, हात खिशात नाहीत. आणि रस्ता ओलांडताना पहिल्यांदा डावीकडे बघायचं!! तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि जपानहून आलेल्या असल्याने बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंगपण उजवीकडेच असतं, त्यामुळे ड्रायव्हर कुठे बसलाय त्यावरून आपला अंदाज चुकतो. बर्फावर ब्रेक लागत नाही.

थर्मल, मोजे इथून काहीच नको. काश्मिरी लोकर जगात जिथे सर्वात जास्त निघते त्या देशांपैकी तो एक आहे, उंटाच्या आणि याकच्या लोकरीचे मोजे नरानतूल बाजारात आपल्या परवडणाऱ्या भावात मिळतात.

बर्फवाले_काका
मेरिनोला तोड नाही, मी आजही घालतो. उंटाची लोकर टोचते.

खाणीवरचा_सतीश
आत सुती गंजी घातली की नाही टोचत काका.

गंगापूररोड_जोसेफ
विषय थोडा बाजूला जाईल पण वर परत बोलवा वगैरे वाचलं म्हणून लिहितो. आपली शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५४ पासूनची. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथेच शिकली, त्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर आफ्रिकेतून थेट लंडनपर्यंत गेला, १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदा देणाऱ्यांत तो होता. नाशिकहून माणसं लांब सेवेला जाणं या मातीत आहे. तुझ्या आईबाबांचा फार अभिमान वाटला बेटा, रविवारी प्रार्थनेत नाव घेऊ.

स्पष्टवक्ता_७७
इतिहास ठीक आहे, पण नाकातून रक्त येतंय ते आजचं आहे. मी काळजीपोटीच बोललो होतो.

गोदाकाठचा_मन्या
खायला काय पाठवताय? तिकडे शाकाहारी लोकांचे हाल होतात असं ऐकलं.

शरणपूरची_लेक
आम्ही शाकाहारी नाही, मटणावर दोघं खूश आहेत. आईला फक्त तिथला मिठाचा दुधाचा चहा जात नाही. आत्ताच बोलले, उद्या मंडळीतली एक मुलगी तिला दवाखान्यात नेतेय, भाषेची अडचण नको म्हणून. यादी अशी ठरवलीये, बीपी मशीन, सलाईन स्प्रे, मास्क, दोघांच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, गोडा मसाला, चहा पावडर, मुगाची डाळ. बाबा म्हणतात त्यांचा फोन बाहेर काढला की चार्ज असूनही बंद पडतो, म्हणून पॉवर बँक पण टाकते.

खाणीवरचा_सतीश
पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, काकांच्या हातातल्या बॅगेत द्या. फोन थंडीने बंद पडतो, कोटाच्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवला की चालतो. गोळ्या मूळ पाकिटात आणि इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन सोबत हवं. अजून एक, तिथे २२ डिसेंबरपासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ टप्पे मोजतात, एकूण ८१ दिवस, मधले टप्पे सगळ्यात कडक. म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत खिळे आणि मास्क सोडायचे नाहीत. तिथली वेळ अडीच तास पुढे आहे, रात्री नऊनंतर फोन करू नका, झोपलेले असतील.

मेधा_इंदिरानगर
तुपाची छोटी बरणी टाकाच, नाकात नाही तर भातावर घेतील.

डॉक्टर_देवळाली
प्रिस्क्रिप्शनवर गोळीचं कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि डोस लिहून घ्या, म्हणजे संपल्या तर तिथेही मिळतील. उद्याचा रिपोर्ट इथे टाका.