इंदूर: २० हजारांत १/१० टूरिंग कार, किट घ्यावं की तयार गाडी?

नवाखेळ:
नमस्कार मंडळी. डांबरावर पळवायला १/१० मापाची, रिमोटवर चालणारी इलेक्ट्रिक टूरिंग कार घ्यायची आहे. बजेट २० हजार, त्यात रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं आलं. टामिया टीटी-०२ चं किट (भाग जोडून स्वतः बांधायचं) आणि एचएसपी ९४१२३ (रिमोट-बॅटरीसकट तयार) असे दोन पर्याय समोर आहेत. परदेशी साइटवर टीटी-०२ बरीच स्वस्त दिसते, मागवावी का? जागा म्हणजे सोसायटीचं पेव्हर ब्लॉकचं पार्किंग आणि कधीकधी एक बंद डांबरी आवार. रेस लावायची नाही. सोल्डरिंग येतं.

बेव्हलगियर:
परदेशी किमतीचं आधी मिटवू. खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. त्यावर बाकीचे कर, वर कुरिअरचा खर्च. साइटवरची 'स्वस्त' किंमत दारात येईपर्यंत स्वस्त राहत नाही. देशातल्याच विक्रेत्याचा भाव धरून हिशेब करा.

दुसरी चूक बहुतेक जण करतात ती म्हणजे डब्यावरचा आकडा हाच खर्च समजणं. टीटी-०२ च्या डब्यात चेसिस, ५४० मोटर, चाकं, बॉडी आणि बहुतेक आवृत्त्यांत ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) असतो. रिमोट-रिसीव्हर, सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर आणि बॉडीचा रंग वेगळा घ्यावा लागतो. त्यामुळे किटला ११ हजारांच्या वर मागत असतील तर तुमच्या बजेटमध्ये बेत सोडा. उरलेल्या नऊ हजारांतला चार्जर-बॅटरीचा वाटा मुळीच कापू नका. कापायचाच असेल तर रिमोटचा कापा: साधा २.४ गिगाहर्ट्झचा दोन-तीन चॅनेलचा पिस्तुली रिमोट पुरतो. सर्व्हो स्टँडर्ड आकाराचा, ४ ते ६ किलो-सेंमी टॉर्कचा. १५ किलोचा घेऊन टूरिंग कारला काही मिळत नाही.

बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि रंग आतून मारतात. हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे मारलात तर पहिल्याच धडकेला पापुद्रे निघतील. पॉलिकार्बोनेटसाठीचाच रंग घ्या. आतून मारायचा असल्याने गडद छटा आधी, फिकट नंतर.

चौथाडबा:
भिया, ९४१२३ बद्दल एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. ती ड्रिफ्टची (मुद्दाम घसरत वळवायची) आवृत्ती आहे, कडक प्लॅस्टिकच्या टायरवर येते. डांबरावर सरळसुद्धा धड जाणार नाही, ब्रेक लावला की घसरणार. रबरी टायर वेगळे घ्या (१२ मिमी हेक्स म्हणजे षट्कोनी खाचेचे, २६ मिमी रुंद, आत स्पंज असलेले) किंवा त्याच घरातली ऑन-रोड ९४१०३ बघा.

बाकी गाडी टाकाऊ नाही. चारही चाकांना शाफ्ट ड्राइव्ह, ऑइल डँपर (तेल भरलेले शॉक ॲब्सॉर्बर) पहिल्यापासून, आणि २० हजारांत सुटे भाग घ्यायला पैसे उरतात. पण सोबत येणारा चार्जर म्हणजे भिंतीत खोचायचं मंद खेळणं, तो बाजूला ठेवून चांगला घ्यावा लागतो. स्पर गियर (मोटरने फिरणारं मोठं दातेरी चाक) उघडा असतो, पेव्हर ब्लॉकच्या फटींतली रेती थेट त्यात जाते. टीटी-०२ मध्ये तो झाकलेला आहे. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीची धूळ पाहता हा फरक लहान नाही.

घेण्याआधी एकच परीक्षा: पुढचा सस्पेन्शन आर्म, सर्व्हो सेव्हर (धडकेत सर्व्होचे दात वाचवणारा भाग) आणि स्पर गियर या तीन गोष्टी विक्रेत्याकडे आज शिल्लक आहेत का, विचारा. "मागवून देऊ" म्हणाला तर दुसरा विक्रेता शोधा. टूरिंग कारमध्ये मोडतात ते हेच भाग.

नवाखेळ:
धन्यवाद. कल टीटी-०२ कडे झुकतोय, एकाकडे किट बजेटमध्ये बसतंय. बेअरिंग लगेच घालावे लागतात का? आणि बॅटरी लायपो (लिथियम-पॉलिमर) घेऊ की निकेल?

बेव्हलगियर:
बेअरिंग हाच पहिला आणि बांधतानाच करायचा खर्च. डब्यात बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिकच्या बुशिंग (नुसत्या कड्या) येतात. त्यांत धूळ शिरली की भोक मोठं होतं, चाक डुगडुगतं आणि मोटर विनाकारण तापते. नंतर घालायचे म्हणजे सगळी गाडी पुन्हा खोलायची. चाकांना ५×११×४ मिमी लागतात, दुकानात त्यांना एमआर११५ म्हणा. दुकानदार ६८५झेडझेड पुढे करेल. त्याचा आतला-बाहेरचा व्यास तोच, पण रुंदी ५ मिमी, त्यामुळे जागेवर बसणार नाही. धुळीसाठी रबरी सीलचे, म्हणजे २आरएस घ्या. डिफरेन्शियलचं माप वेगळं असतं, ते मॅन्युअलच्या भागयादीतून उतरवून घ्या.

बेअरिंगनंतर ऑइल डँपर, कारण साध्या किटमधले डँपर नुसते घर्षणावर चालतात. मग थांबा. निळे ॲल्युमिनियमचे आर्म बघून मोह होतो, पण धडकेत प्लॅस्टिक वाकून झटका खातं. आर्म धातूचा केला तर तोच झटका पुढे सरकून चेसिसचा कान मोडतो, आणि चेसिस आर्मपेक्षा महाग.

शून्यतीनव्होल्ट:
बॅटरीबद्दल. आधी ईएससी कोणता ते बघा. टामियाचा टीबीएलई-०२एस डब्यात असेल तर त्याला लायपोचं कट-ऑफ (व्होल्टेज फार उतरलं की मोटर थांबवणारी सोय) नाही. गाडी मंदावेपर्यंत पळवलीत की सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊन फुगतो. मग एक तर सहा सेलची ७.२ व्होल्ट निकेल-मेटल-हायड्राइड वापरा, नाहीतर बॅलन्स प्लगला (लायपोच्या प्रत्येक सेलची वायर असलेला छोटा प्लग) लावायचा बझर घ्या आणि ३.५ व्होल्ट प्रति सेलवर सेट करा. हॉबीविंग क्विकरन १०६० सारख्या ईएससीवर लायपो/निकेल निवडायचा जंपर असतो. तो चुकीच्या जागी राहिला तर कट-ऑफ असूनही उपयोग नाही.

लायपो घेतलीत तर २एस (दोन सेलची), हार्ड केस, ४००० एमएएच. आकार ट्रेमध्ये मोजून घ्या. चार्जिंग ४ अँपिअरवर, नेहमी बॅलन्स मोडमध्ये. पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट, कपाटात ठेवताना ७.६ च्या आसपास. मे महिन्यात बंद कारच्या डिकीत अजिबात ठेवू नका.

पांढरा टामिया कनेक्टर काही दिवसांनी सैल होऊन तापतो. सोल्डरिंग येतं म्हणालात, मग टी-प्लग किंवा एक्सटी६० लावून टाका. १४ गेजची सिलिकॉन वायर जेल रोडला बघा. बॅटरीच्या वायरींची दोन टोकं एकत्र उघडी करू नका, एक झाकून मग दुसरं.

बेव्हलगियर:
गियरिंगचं राहिलं. किटमधला २२ दातांचा पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) आणि ७० चा स्पर, आतलं गुणोत्तर २.६, म्हणजे एकूण ८.२७ (चाकाच्या एका फेरीला मोटरच्या तितक्या फेऱ्या). वेग हवा म्हणून २५ चा पिनियन घातलात तर ७.२८ होतं, मोटरवरचा भार वाढतो. उन्हाळ्यात २२ वरच राहा. पाच मिनिटं पळवून मोटरच्या डब्याला बोट लावा, तीन सेकंद टेकवता आलं नाही तर थांबा. नवीन पिनियन घेताना ०.६ मॉड्यूलचाच (दाताच्या आकाराचं माप) मागा. ४८ पिचचा डोळ्यांना सारखाच दिसतो, पण दात जुळत नाहीत आणि स्पर खाऊन टाकतो.

पेव्हरवर चेसिस घासेल. स्प्रिंगच्या वर चकत्या घालून गाडी दोन-तीन मिलिमीटर उचला, डांबरावर जाताना काढा.

आणि बांधताना: टामियाचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) खाचेचे असतात, साध्या फिलिप्सने डोकी झिजतात. प्लॅस्टिकमध्ये दुसऱ्यांदा स्क्रू लावताना आधी उलटा फिरवा, 'टक' करून जुन्या आट्यात पडला की मग आवळा. सर्व्होचा हॉर्न (त्याच्या दांड्यावर बसणारा हात) लावण्यापूर्वी रिमोट-रिसीव्हर चालू करून ट्रिम (रिमोटवरचं स्टिअरिंग मध्यावर आणायचं बटण) शून्यावर आणा, नाहीतर गाडी एका बाजूला कमी वळेल. मोटर उलटी फिरली तर तिच्या दोन वायरींची अदलाबदल करा, पण बॅटरीच्या मुळीच नाही. चालू करताना आधी रिमोट मग गाडी, बंद करताना आधी गाडी.

नवाखेळ:
सर्व्हो सेव्हरसाठी किती दातांचा सर्व्हो घेऊ?

चौथाडबा:
२५ दातांचा, फुटाबा पद्धतीचा. २३ चे आणि २४ चेही असतात. किटमध्ये ॲडॉप्टर येतात, पण उद्या सेव्हर बदलायचा झाला तर २५ चा सहज मिळतो.