छोट्या नियतकालिकात पेपर द्यावा का? (सल्ला हवाय)

माणदेशी
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवते. गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी फिरून माण तालुक्यातल्या सात गावांमधली शेतांची नावं गोळा केली. ३४० झाली. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो, पण 'आज गट १४२ ला पाणी द्यायचंय' असं घरात कुणी म्हणत नाही. 'चिंचपट्टी', 'म्हसोबाचं टेक' असंच म्हणतात. त्यावर अठरा पानांचा लेख तयार आहे.

प्लेसमेंटची (म्हणजे बढतीची) फाईल जूनमध्ये जायची आहे आणि एक पेपर कमी पडतोय. समोर दोन पर्याय आहेत. पहिला, व्हॉट्सॲपवर आलेलं एक 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय' मासिक. १८०० रुपये, चार दिवसांत स्वीकृतीपत्र, वर प्रमाणपत्र. विभागातल्या दोघांनी तिथेच टाकलेत. दुसरा, एका जुन्या संस्थेचं त्रैमासिक. पैसे घेत नाहीत. केअर लिस्टमध्ये, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियतकालिकांच्या यादीत, कधी नव्हतं. वेबसाइट म्हणजे एकच पान, त्यावर २०१९ चा अंक अजून 'ताजा अंक' म्हणून. आमच्या आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) सरांनी नावही ऐकलेलं नाही.

वजन दोघांनाही नाही, मग लवकर छापतात तिथे का नको, असं घरचेही म्हणतात. तुम्ही काय केलं असतं?

ठोकळा
चार दिवसांत स्वीकृती? आमच्याकडे किरकोळ रजेचा अर्जही चार दिवसांत मंजूर होत नाही.

जुनी दौत
मॅडम, 'वजन दोघांनाही नाही' म्हणालात तिथेच गफलत आहे. एक दुकान छोटं आहे, दुसरं दुकानच नाही, नुसती पाटी आहे.

आधी केअर लिस्टचं. ती यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता नियतकालिक पारखायचे निकष सुचवलेत आणि जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. त्यामुळे 'लिस्टमध्ये नव्हतं' हा मुद्दा निम्मा गळाला. निम्माच म्हणतो, कारण तुमच्या विद्यापीठाची छाननी समिती काय मागते हे ताजं परिपत्रक बघूनच कळेल. २०१८ च्या नियमावलीत शब्द आहेत 'समकक्ष-परीक्षित (म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी तपासलेले) किंवा यूजीसी-सूचीतील'. त्यातल्या 'किंवा'कडे आपल्याकडे कुणी बघतच नाही. त्रैमासिक लेख तज्ज्ञांकडे पाठवत असेल तर ते शेरे आणि संपादकांचं पत्र जपून ठेवा, फायलीला लावा.

आणि लिस्टचा एवढा धाक कशाला? केअरच्या आधी यूजीसीची 'मान्यताप्राप्त' यादी होती. पुणे विद्यापीठातल्याच अभ्यासकांनी तिच्यातली १००९ नियतकालिकं तपासली, तर निकषांना उतरली फक्त ११२. बाकीच्यांत कुणाचा पत्ता खोटा, कुणाचा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) चुकीचा, कुणी इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांचे इतरत्र सरासरी किती संदर्भ येतात तो आकडा) मनानेच लिहिलेला. हे २०१८ च्या मार्चमध्ये छापून आलं आणि मे महिन्यात यूजीसीने ४३०५ नावं काढून टाकली. तोवर त्यांच्यावर किती जणांच्या बढत्या झाल्या असतील!

माझी पद्धत साधी होती. दोन्हींचे मागचे दोन अंक मागवायचे आणि खरंच वाचायचे. अनुक्रमणिका बघा. एकाच अंकात ऊस, योग, सायबर सुरक्षा आणि दलित आत्मकथनं असे शे-दोनशे लेख असतील, तर ते वाचलेत कुणी? मग शोधगंगेवर (पीएच.डी. प्रबंधांच्या साइटवर) जाऊन तुमच्या विषयातले पाच-सहा प्रबंध उघडा, त्यांच्या संदर्भसूचीत या नियतकालिकांची नावं येतात का बघा. प्रबंध लिहिणाऱ्या पोरापोरींना जे सापडलं आणि उपयोगी पडलं, ते माझ्या लेखी जिवंत.

संपादक मंडळातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन करा. मी एकदा केला होता. पलीकडून उत्तर आलं, 'मी? कधीपासून?'

अकरानेभाग
आयएसएसएनवर कुणी भाळू नये म्हणून लिहितो. तो फुकट मिळतो, आपल्याकडे दिल्लीहून. गाडीला नंबर मिळाला म्हणजे ड्रायव्हरला गाडी येते असं नाही.

पण तो खरा आहे का हे घरबसल्या कळतं. आठ अंक असतात. पहिल्या सातांना ओळीने ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा, बेरीज करा, ११ ने भागा, उरलेली बाकी ११ मधून वजा करा. शेवटचा अंक तोच यायला हवा (बाकी शून्य उरली तर शून्य, वजाबाकी १० आली तर एक्स). 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'चा घ्या, ००१२-९९७६. बेरीज ९३, बाकी ५, ११ मधून ५ गेले ६. जुळला. मला आलेल्या अशा आमंत्रणांपैकी एकाचा नंबर इथेच पडला.

अर्थात पक्के चोर खऱ्या नियतकालिकाचा नंबर आणि नाव उचलून जुळी वेबसाइट काढतात. म्हणून आयएसएसएन पोर्टलवर नंबर टाकून नाव आणि प्रकाशक ताडून पाहा. लेखावर डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) छापला असेल तर तोही डीओआयच्या साइटवर टाका. कित्येकदा उघडतच नाही.

तासिका_तत्त्वावर
सगळं पटलं, पण हे सल्ले पगार चालू असलेल्या माणसांचे आहेत. मी नऊ वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासांच्या मानधनावर, आहे. मुलाखतीला जातो तिथे पेपर मोजतात, वाचत नाहीत. २०१८ च्या नियमावलीतल्या संशोधन-गुणांच्या तक्त्यात भाषा-मानव्य विद्याशाखांत एका पेपरचे १० गुण, विज्ञानात ८. मीही पैसे भरून टाकलेत तीन. लाज वाटते, पण त्या वर्षी दुसरं काय करणार होतो?

जुनी दौत
तुम्हाला लाज वाटायचं कारण नाही. मोजायला बसणाऱ्यांना वाटायला हवी. मॅडमना मी नको म्हणतोय ते नीतीपायी नाही. तीन वर्षांचं फिरणं त्या लेखात आहे. एकदा तिथे छापला की तो जळाला, दुसरीकडे कुठे देता येत नाही.

चष्मेवाली
+१. माझा जळलाय. शीर्षकातच चूक छापली होती. मागे घेते म्हटलं तर मागे घ्यायची वेगळी फी सांगितली. तो लेख आजही तिथेच आहे, माझ्या नावासकट. बायोडेटातून मी काढला, इंटरनेटवरून कसा काढू?

एक मात्र सांगते, पैसे मागितले म्हणजे बोगस असं समीकरण नको. विज्ञानातली चांगली मुक्त (कुणालाही फुकट वाचता येणारी) नियतकालिकंही फी घेतात आणि ती आपल्याला झेपत नाही. फक्त ती लेख तपासून मग बिल लावतात. इथे क्यूआर कोड आधी येतो.

शिवाय माणदेशीताई, दोनच पर्याय कशाला? शेतांची नावं म्हणजे भाषेचंच काम आहे. पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेच्या 'भाषा आणि जीवन'ला विचारा. धुळ्याच्या राजवाडे मंडळाचा 'संशोधक'ही आहे. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं, एवढं पाळा.

प्राचार्यांचा_शेजारी
आणि कुणी 'माझंही नाव घाला' म्हणालं तर गोड हसून नियम दाखवा. दोघांचं नाव आलं की प्रत्येकाला ७० टक्केच मिळतात. दहाचे सात.

माणदेशी
सगळ्यांचे आभार. (शेजारीबुवा, तुम्ही आमच्याच कॉलेजात आहात का?)

दोन्हींचे अंक मिळवले. मासिकाच्या अंकात १८७ लेख निघाले. आमच्या विभागातल्या सरांच्या लेखात 'ज्ञानेश्वरी'चं सगळीकडे 'ज्ञानेशवरी' झालंय आणि ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्रैमासिकाच्या अंकात सहाच लेख, त्यातला एक नीरा खोऱ्यातल्या पाणवठ्यांवरचा. तो मी बसल्या बैठकीला वाचला आणि माझ्या दोन टिपा बदलल्या. तिथेच पाठवला.

पंधरा दिवसांनी जाड पाकीट आलं. संपादक लेखाची प्रिंट काढून लाल शाईने लिहितात. पान ४ वर, 'पांढर आणि काळी हा भेद तुमच्या सातही गावांत आजचे लोक बोलतात, की तुम्ही पुस्तकातून आणलात?' (पांढर म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे शेतजमीन.) खरं सांगायचं तर दोन गावांत मी विचारलंच नव्हतं. पान ११ वर, 'टेक आणि टेकाड एकच धरलंत काय?' जूनच्या आत छापून येणार नाही असंही स्पष्ट लिहिलंय. प्लेसमेंट पुढच्या खेपेला. घरी अजून सांगितलेलं नाही.

आता नवा प्रश्न. त्यांना एका गावाचा नकाशा हवाय, नावं त्यावर दाखवायला. तलाठी भाऊसाहेबांकडचा कागद घडीवर फाटलाय. कुठे मिळेल?

अकरानेभाग
तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा, गावनकाशाची नक्कल शुल्क भरून मिळते. गट नंबर वाचता येतील एवढ्या मोठ्या आकारात मागा, नाहीतर मुंग्या दिसतात.