पोस्टग्रेस विंडोजवर उबुंटूपेक्षा वेगवान? बेंचमार्कचे आकडे समजून घ्यायला मदत हवी

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं छोटं ऑफिस आहे, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. डेटाबेस पोस्टग्रेस, वरचं सगळं नोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये. ऑफिसातली मशीन्स सातव्या पिढीच्या आय-फाइव्हची. त्यांवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नवी मशीन्स घ्यायची की आहेत त्यांवर उबुंटू टाकायचं, यावर भागीदाराशी रोज वाद.

शेवटी एकाच डेस्कटॉपवर, त्याच साटा एसएसडीवर दोन्ही सिस्टिम टाकून मोजलं. भागीदाराची एम-वन प्रोसेसरची ॲपल मॅक मिनीही हाताशी होती, तीही घेतली. सेव्हन-झिपचा (फाइली दाबून लहान करण्याचा) बेंचमार्क विंडोज आणि उबुंटूवर जवळपास सारखा. एनपीएम इन्स्टॉलमध्ये, म्हणजे नोडची तयार पॅकेजेस उतरवून घेण्यात, उबुंटू खूपच पुढे. पण पीजीबेंचमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या वेगचाचणीत, भलतंच! विंडोज उबुंटूच्या कितीतरी पट ट्रान्झॅक्शन्स दाखवतंय आणि मॅक मिनी या दोघांच्याही वर. पोस्टग्रेसची आवृत्ती तीच, सेटिंग सगळं डिफॉल्ट.

भागीदार म्हणतो, आपला सगळा धंदा डेटाबेसवर, मग उबुंटूचा हट्ट कशाला? माझ्याकडे उत्तर नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टर्मिनलवाला

सीपीयूचा गव्हर्नर, म्हणजे त्याचा वेग कमी-जास्त करणारं सेटिंग, आधी बघा. उबुंटूवर पॉवरसेव्ह असेल तर परफॉर्मन्सवर टाका, विंडोजमध्येही पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स करा. नाहीतर दोन सिस्टिम्सऐवजी दोन वीजबचत धोरणांचीच तुलना होते. दुसरं म्हणजे, तुमचा प्रोसेसर मेल्टडाउन या सुरक्षा-त्रुटीच्या तडाख्यातला आहे. कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) मिटिगेशन्स ऑफ दिलंत, म्हणजे त्या त्रुटीवरचे बचावाचे उपाय बंद केलेत, तर उबुंटू आणखी पळेल.

जुना डीबीए

गव्हर्नरचं बरोबर आहे, पण त्यानं कितीतरी पटींचा फरक पडत नाही. आणि लोकांच्या ठेवी ज्या मशीनवर आहेत तिथे मिटिगेशन्स बंद करायचा सल्ला कृपया कुणी देऊ नका.

कृष्णाकाठ, तुमचा सेव्हन-झिपचा आकडा सारखा आला यातच निम्मं उत्तर आहे. ते काम प्रोसेसर आणि मेमरीचं, त्यात ऑपरेटिंग सिस्टिमला लुडबुड करायला वाव कमी. पीजीबेंचचं तसं नाही. प्रत्येक कमिटला, म्हणजे व्यवहार पक्का करताना, पोस्टग्रेस सिस्टिमला सांगतं, ही नोंद डिस्कवर पक्की कर, मगच मला 'झालं' म्हण. आता 'पक्की' म्हणजे काय, इथे तुमच्या तिन्ही मशीन्सचं एकमत नाही.

लिनक्सवर डिफॉल्ट पद्धत एफडेटासिंक. त्यात कर्नल ड्राइव्हला तिची स्वतःची कॅशही (तात्पुरती साठवणही) रिकामी करायला लावतो. साध्या एसएसडीला ते जड जातं, म्हणून आकडा खाली. विंडोजवर डिफॉल्ट आहे ओपन डेटासिंक. त्यात ड्राइव्हची राइट कॅश चालू असेल तर नोंद त्या कॅशमध्येच राहू शकते, आणि हे पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मॅकवर साधा एफसिंक (डिस्कवर लिहायला लावणारा आदेश) डेटा ड्राइव्हपर्यंत पोचवतो, पण ड्राइव्हनं तो कायमचा लिहिलाच असेल याची हमी देत नाही. त्यासाठी ॲपलनं एफ फुलएफसिंक नावाची वेगळी सोय ठेवली आहे. थोडक्यात, उबुंटूचा कॅशियर रोजकीर्दीत नोंद करून मग पावतीवर शिक्का मारतोय. बाकीचे दोघे आधी शिक्का मारतायत, नोंद सवडीनं. रांग कुणाची लवकर सरकणार?

करायचं काय? विंडोज आणि मॅकवर वॉल सिंक मेथड हे सेटिंग एफसिंक राइटथ्रू करा, उबुंटूवर आहे तेच राहू द्या, मग पुन्हा मोजा. त्याआधी पोस्टग्रेससोबतच येणारं पीजी टेस्ट एफसिंक तिन्हीकडे चालवा. कुठली पद्धत सेकंदाला किती वेळा जमते ते लगेच दिसतं.

आमच्या वेळी हे ओळखणं सोपं होतं. 7200 आरपीएमची डिस्क सेकंदाला 120 फेरे मारते. एकच क्लायंट एकामागून एक कमिट करतोय आणि आकडा हजारात दिसतोय, म्हणजे मध्ये कुणीतरी थाप मारतंय, हे कागद-पेन्सिल न घेता कळायचं. एसएसडीनं ती सोय घालवली.

हे सगळं पोटतिडकीनं लिहायचं कारण असं. एका पतसंस्थेत संध्याकाळी वीज गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. मशीन परत सुरू झाल्यावर पिग्मी एजंटांच्या हातात छापील पावत्या होत्या, पण त्यांतल्या शेवटच्या काही नोंदी डेटाबेसमध्ये नव्हत्या. रात्री उशिरापर्यंत कागद पुढ्यात घेऊन जुळवणी चालली. त्या सर्व्हरचा बेंचमार्क मात्र फार देखणा होता!

आणखी एक. पीजीबेंचचा स्केल, म्हणजे चाचणीच्या नकली बँकेचा आकार, मुद्दाम वाढवला नसेल तर तो 1 असतो, म्हणजे शाखांच्या टेबलात एकच ओळ. क्लायंट दहा लावलेत तर दहाही जण त्या एका ओळीच्या लॉकसाठी ताटकळणार. स्केल निदान क्लायंटच्या संख्येइतका हवा. आणि चाचणी काही सेकंदांत आटपू नका. चेकपॉइंटचं, म्हणजे मेमरीतले बदल मूळ फाइलींत उतरवण्याचं, डिफॉल्ट अंतर 5 मिनिटं आहे, म्हणून निदान दोन-तीन चेकपॉइंट येतील इतकी लांब चालवा.

नीरक्षीर

वरच्या प्रतिसादाला +१. एनपीएमबद्दल थोडं. नोड मॉड्यूल्स म्हणजे हजारो बारीक फाइली. विंडोजवर फाइल उघडताना वाटेत फिल्टर ड्रायव्हर्स (मध्ये बसून तपासणारे प्रोग्रॅम) असतात आणि विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर त्यांतच बसतो. प्रोजेक्टचं फोल्डर डिफेंडरमधून वगळून एकदा मोजा, अंतर बरंच घटेल. ते कायम वगळायचं का, हा वेगळा प्रश्न. डेव्ह ड्राइव्ह (प्रोग्रॅमरांसाठीचा खास डिस्क-भाग) याचसाठी आणलाय, पण तो विंडोज 10 वर मिळत नाही, तुम्हाला उपयोग नाही.

आणि पहिली फेरी आणि नंतरच्या फेऱ्या वेगळ्या नोंदवा. दुसऱ्यांदा फाइली रॅममधल्या कॅशमधून येतात, तिथे डिस्कची परीक्षा होतच नाही.

कृष्णाकाठ

डीबीए साहेब, सांगितलंत तसं केलं. स्केल वाढवला, तिन्हीकडे लांब चाचणी घेतली. विंडोज धाडकन खाली आलं, आता उबुंटूच्या किंचित मागेच आहे. मॅक मिनी तर तळाला गेली, भागीदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. डिफेंडरमधून फोल्डर वगळल्यावर एनपीएमचं अंतरही कमी झालं, तरी उबुंटू पुढेच.

आता भागीदाराचा नवा मुद्दा: उबुंटूवरही एफसिंक बंद करून टाकू, यूपीएस आहेच की!

जुना डीबीए

अजिबात नको. एफसिंक ऑफ केलंत आणि मशीन मध्येच बसलं, तर शेवटच्या नोंदीच नव्हे, अख्खा डेटाबेस खराब होऊ शकतो. वेग हवाच असेल तर सिंक्रोनस कमिट ऑफ हा त्यातला सौम्य प्रकार. त्यात शेवटची काही कमिट्स जाऊ शकतात, पण डेटाबेस सुसंगत राहतो. रिपोर्टसाठी वेगळी प्रत ठेवत असाल तर तिथे खुशाल वापरा, खतावणीवर नाही.

आणि खरं तर सिस्टिम न बदलताही हा आकडा वाढवता येतो. पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेली एसएसडी घ्या. तिच्यात कपॅसिटर असतात, वीज गेली तरी कॅशमधलं लिहून होतं, त्यामुळे अशी ड्राइव्ह 'झालं' हे चटकन आणि खरं सांगू शकते. दुकानदार एमबी-पर-सेकंदाचे आकडे दाखवायला लागेल, ते बाजूला ठेवा. मॉडेलच्या डेटाशीटमध्ये ही सोय लिहिली आहे का, तेवढं बघा. सर्व्हरपुरती एकच लागेल, बाकीच्या मशीन्सना आहेत त्याच चालतील.